चढण मोजत नाहीत

उर्बेसच्या दुकानात तुळईला आज्याचा काटा टांगलेला.
त्यावर पूर्वी लोकर तोलायचे, कधी डुक्कर,
एकदा पैजेपायी गावचा पाद्रीसुद्धा.
आता सायकली.

आई शनिवारी दुकान मिटायच्या वेळी पोचली,
हेल्मेट काखेत, डावा गुडघा
अजून जरासा मागे राहणारा.
"हलकी दे," म्हणाली.
"किती हलकी, ओरोसिया?"
"फाटकावरून एकटीला उचलता येईल एवढी."
मग दारातून वरच्या डोंगराकडे बघत,
"आणि तिथवर नेईल एवढी जड."

मी गप्प.
मोटर लावणं म्हणजे फसवणूक,
असं मीच तिला बोललो होतो,
गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आधी,
तेविसाव्या वर्षी माणूस बोलतो तसं.

पहिली टांगली: चोवीस किलो दोनशे.
मोठी बॅटरी. पेडलवर नुसता पाय ठेवा,
डोंगरच मागे सरकतो.
दुसरी: सतरा किलो नऊशे.
बॅटरी निम्मी, मोटर कुजबुजण्याइतकी,
आणि किंमत दीडपट.
"म्हणजे सहा किलो नसण्याचे पैसे," आई म्हणाली.
उर्बेसनं खांदे उडवले.
नसलेल्या गोष्टीच महाग असतात,
हे त्यानं दुकान काढल्यावरच कळलं असणार.

रविवारी दोन्ही घेऊन वर गेलो,
खेचरांच्या जुन्या वाटेनं,
जिच्या फरश्यांवर नालांच्या खाचा अजून आहेत.

मोठीवर ती माझ्या कितीतरी आधी पोचली.
मी वर आलो तेव्हा
खिंडीत बसून थंडीनं कुडकुडत होती.
"कुणीच नव्हतं गं बोलायला," हे ती सायकलला म्हणाली, मला नाही.
उतरणीला तिसऱ्या वळणावर
दगडी पायऱ्या सुरू होतात तिथं
सायकलनं आपलंच म्हणणं पुढे रेटलं.
आई झुडपात. हसत होती, पण झुडपात.

हलकीनं तिला घाम आणला.
डोक्यावर पाटी चढवताना
शेजारीण हात देते ना,
तेवढीच मदत, पुढचं तुमचं तुम्ही.
माझ्या शेजारून चालली होती, दम खात,
आणि सव्वीस वर्षं टपाल वाटलेल्या बाईसारखी बोलत:
ओझं किती ते कुणीही सांगेल,
ओझं कुठं बसतं ते विचार.
इथं बघ, खाली बसलंय, दोन पायांच्या मध्ये.
पिशवी नेहमी एका खांद्यावर असायची.

ओसाड गावाच्या खाली बॅटरी संपली.
अजून अर्ध्या तासाची चढण.
पुढे वाटेवर आडवा पाइन,
परवाच्या वाऱ्यानं पडलेला, डिंक ओला.
मी हात पुढे केला.
तिनं पाहिला,
आणि सायकल उचलून पलीकडे ठेवली.
मग स्वतः पलीकडे गेली, त्याला जास्त वेळ लागला.

उतरताना मी तिच्या मागे होतो.
मागचं चाक खडकावरून उडायचं,
आणि ती सांगेल तिथंच खाली यायचं.
दोनदा मला ब्रेक लावावा लागला.
एकदा तरी नाही लावायला हवा होता, पण लावला.

एंड्युरोत घड्याळ उतरणीपुरतं चालतं.
वर वेळेत पोचलात की झालं,
कसे पोचलात हे कुणाच्या वहीत नसतं.
मी हे तिला नियम म्हणून समजावत होतो.
"ठाऊक आहे," आई म्हणाली.
"पत्र पोचलं की सही घ्यायची.
जिन्याबद्दल कधी कुणी विचारलंय?"

सोमवारी अर्धे पैसे दिले, अर्धे जूनमध्ये.
पण आधी पाण्याची बाटली, पंप, जास्तीची ट्यूब,
फडक्यात बांधलेलं चीज, रेनकोट,
सगळं सायकलला अडकवलं
आणि म्हणाली, आता टांग.
काटा वीसच्या पुढे जाऊन डुलला.
"हे खरं," ओरोसिया म्हणाली,
आणि पावतीवर उर्बेसला तेवढंच लिहायला लावलं.